‘अर्पोरा’चे हडफडे कसे होते: गोव्यातली गावांची नावे वाचताना

प्रश्न थोडक्यात असा: पर्यटकांच्या बससाठी मराठीतून माहिती ध्वनिमुद्रित करायची आहे. चाळीसेक गावांची यादी रोमन लिपीत हाती आली आहे. निवेदक ती दिसते तशी वाचतो तेव्हा अंजुना, अर्पोरा, सिओलिम, कर्चोरेम, क्यूपेम, चापोरा, बेनॉलिम असे काहीतरी कानी पडते आणि गोव्याचा चालक हसू दाबतो. मग बरोबर काय, आणि प्रत्येक नावासाठी कुणाला फोन न करता ते ओळखायचे कसे?

या सात नावांची उत्तरे आधी देऊन टाकतो: हणजूण, हडफडे, शिवोली, कुडचडे, केपे, शापोरा, बाणावली. आता ती अशी का आहेत ते पाहू, कारण ‘का’ कळले की यादीतली उरलेली बरीचशी नावे तुमची तुम्हालाच सोडवता येतील.

हे रोमन स्पेलिंग म्हणजे नावाची मोडतोड, असा सर्वसाधारण समज आहे. तो सोडा. स्थानिक माणसाच्या तोंडून आलेले नाव पोर्तुगीज लेखनिकाने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे, आपल्या भाषेच्या लेखनपद्धतीने टिपले. ही नोंद बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. घोळ झाला तो पुढे. १९६१ नंतर तीच अक्षरे इंग्रजीच्या सवयीने वाचली जाऊ लागली आणि अक्षरांवरच्या-खालच्या खुणा टाइपरायटरवर नव्हत्या म्हणून गळाल्या. म्हापशाच्या स्पेलिंगमध्ये पूर्वी ‘सी’ला खाली शेपटी होती, म्हणजे ‘स’, आणि शेवटच्या ‘ए’वर आघाताची खूण होती, म्हणजे जोर शेवटी. मडगावच्या ‘ए’वर नागमोडी रेघ होती, म्हणजे स्वर नाकातून. या खुणा गेल्या आणि मागे ‘मापुसा’, ‘मार्गाओ’ उरले.

सगळ्यात जास्त चुका शेवटच्या ‘एम’मुळे होतात, म्हणून त्यापासून सुरुवात. तो ‘म’ नाही. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी ‘ई-एम’ किंवा ‘आय-एम’ आले की ओठ मिटत नाहीत, आधीचा स्वर तेवढा नाकातून जातो. कोंकणीत पेडणें, सांगें असा नाकातला शेवट आहेच, तो लिहायची ही सोय होती. मराठीने हा अनुनासिक कधीच सोडला. केळें, तळें यांच्यावरचे अनुस्वार आपण १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी कागदावरूनही काढून टाकले, तसेच पेडणें मराठीत पेडणे झाले. म्हणून मराठी निवेदनात पेडणे, केपे, सांगे, थिवी, कांदोळी, मोरजी म्हणा, शेवटी नाक नको. कोंकणी वाक्य बोलायचे असेल तर मात्र नाक हवे. तेव्हा आरशासमोर उभे राहून ‘पेडणें’ म्हणा. शेवटी ओठ एकमेकांना लागले तर तुम्ही ‘म’ म्हणालात, जीभ वरच्या दातांमागे टेकली तर ‘न’. दोन्ही चूक. तोंड उघडेच राहून आवाज संपला पाहिजे. ‘गोंय’चेही तसेच. त्यात ना ‘न’ आहे ना ‘म’, फक्त नाकातला, जरासा ‘ऑ’कडे झुकलेला ओ आणि मग य.

दुसरी गोष्ट ‘आर’ची. मराठीत आपण ‘डोंगर’ आणि ‘घोडा’ दोन्हीकडे एकच ड लिहितो, पण सावकाश म्हणून पाहा. ‘डोंगर’मध्ये जीभ टाळूला घट्ट टेकते, ‘घोडा’मध्ये नुसती फटकारून खाली येते. या दुसऱ्या, फटकाऱ्याच्या ड साठी पोर्तुगीजमध्ये अक्षर नव्हते आणि त्यांच्या कानाला तो ‘र’च वाटला. म्हणून पेडणे, मडगाव, अस्नोडा, बस्तोडा, कुडचडे, कुडतरी, मयडे, बांदोडा या सगळ्यांच्या स्पेलिंगमध्ये ड च्या जागी ‘आर’ बसला आहे. अनुस्वारानंतरचा ड मात्र घट्ट असतो, तिथे त्यांनी ‘डी’च लिहिला: फोंडा. ‘आर’ आणि ‘डी’ जोडून आले तर र्ड: माजोर्डा, फातोर्डा. आता प्रत्येक ‘आर’ म्हणजे ड असे धरून चाललात तरी फसाल, कारण बोरी, वेर्णा, मोरजी, चांदर, खोर्ली यांत खराखुरा र आहे. नियम एवढाच: ‘आर’ दिसला की ड ची शंका घ्या आणि ती तपासा.

तपासायचा एक सोपा मार्ग मराठी माणसाच्या हाताशीच आहे: आडनावे. पेडणेकर, कुडतरकर, कुडचडकर, बांदोडकर, शिरोडकर, साखळकर, प्रियोळकर, काणकोणकर, हळदणकर ही आडनावे आपण बिनचूक म्हणतो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, त्यांना कुणी ‘बांदोरकर’ म्हणत नाही. मग गावाला ‘बांदोरा’ का म्हणायचे? यादीतल्या नावापुढे ‘कर’ लावून एखादे ओळखीचे आडनाव तयार होते का ते पाहा. निम्मे काम तिथेच होते.

तिसरी गोष्ट, महाप्राण आणि ह. पोर्तुगीजमध्ये ख, थ, फ, भ नाहीत आणि शब्दारंभीचा ‘एच’ लिहिला तरी वाचत नाहीत. त्यामुळे हे सगळे लेखनात सपाट झाले. फोंडा ‘प’ने सुरू झाला, थिवी ‘त’ने, खोर्ली ‘क’ने. चिखलीचा ख गेला, कुंभारजुव्याचा भ गेला, म्हार्दोळ आणि म्हापसा यांतला ह गेला, धर्मापूरचे तर ‘द्रामापूर’ झाले. आरंभीचा ह पूर्णच पुसला गेल्याने हरमल, हणजूण, हळदोणे ही तिन्ही नावे रोमनमध्ये ‘ए’ने सुरू होतात. हरमलमध्ये म आणि ल यांच्या मध्ये एक उपरा ‘ब’ही शिरला आहे, तो म्हणू नका.

आता ‘अर्पोरा’ घ्या. आरंभीचा ह परत द्या. पहिला ‘आर’ ड करा. ‘पी’चा फ करा. दुसरा ‘आर’ही ड करा. हडफड- इथवर तुम्ही आलात. शेवटचा स्वर तेवढा रोमनवरून कळत नाही, तो माहीत असावा लागतो: हडफडे. चार अक्षरांत ह, ड आणि महाप्राण हे तिन्ही एकदम परत आणावे लागणारे दुसरे नाव शोधून सापडणार नाही, म्हणून नव्या निवेदकाला सराव द्यायला हेच बरे.

‘एल’ म्हणजे ल किंवा ळ. कळंगुट, कांदोळी, पाळोळे, बांबोळी, दाबोळी, ताळगाव, साळगाव यांत ळ आहे. शिवोली, बाणावली, नावेली, कोलवा यांत ल. एकाच नावात दोन्हीही येतात: कोलवाळ. इथे रोमनची काही मदत नाही, पाठच करावे लागते. महाराष्ट्रातली माणसे उत्साहाच्या भरात ‘कोळवा’ही म्हणतात, ते टाळा. दक्षिणेकडे दुहेरी ळ्ळ ची गावे आहेत, कुंकळ्ळी, वेळ्ळी, बाळ्ळी. तिथे ळ वर जीभ क्षणभर थांबली पाहिजे. आवाज देणारी व्यक्ती हिंदी भाषक असेल तर तिला ळ असा शिकवा: जिभेचे टोक मागे वळवून टाळूच्या उंच भागाला लावायचे, हवा दोन्ही बाजूंनी जाऊ द्यायची आणि जीभ पुढे झटकून सोडायची. टोक दातांकडे सरकले की ल होतो, बाजू बंद झाल्या की ड. शब्दारंभी ळ येत नाही, म्हणून सराव ‘आळा, ईळी, ऊळू’ असा स्वर आधी घेऊन करावा. ‘एन’चेही न आणि ण असे दोन अर्थ आहेत, पण मराठी माणसाला तो त्रास कमी. काणकोणमध्ये दोन्ही ण आहेत हे लक्षात ठेवले की पुरे.

काणकोणवरून आठवले: शेवटी दिसणारा ‘ए’ पुष्कळदा फुकटचा असतो. काणकोण, रिवण, हणजूण, आगोंद ही नावे व्यंजनावर संपतात, रोमनमध्ये मात्र त्यांना आकारान्त शेपूट आहे. असोळणा आणि कार्मोणा यांचा आ खरा आहे. दिवाडीची गोष्ट उलटी, तिथे शेवटची ई लेखनात आलीच नाही.

‘एक्स’ म्हणजे श, नेहमी. शेल्डे, ओशेल. संत फ्रान्सिस झेवियर हा ‘झेवियर’ इंग्रजी वाचनाने झाला. पोर्तुगीज आणि कोंकणी दोन्हींत तो शावियेर आहे. मराठी निवेदनात झेवियर रूढ आहे, ते चालेल, पण शेल्ड्याला ‘झेल्डेम’ चालणार नाही. ‘सी-एच’ पोर्तुगीज वाचनात श आहे आणि शापोऱ्यात तसाच राहिला आहे. मात्र चोडण, चांदर, चिखली यांत तो च आहे. चोडणचे ‘चोराव’ पर्यटकांच्या तोंडी इतके बसले आहे, की रायबंदरच्या फेरी धक्क्यावरही ते ऐकू येते. निवेदनात चोडणच म्हणा. ‘क्यू-यू’ पुढे ई किंवा आय असेल तर नुसता क: केपे. ‘जी-यू’ तसाच ग: सांगे, गिरी. ‘झेड’ शब्दारंभी असेल तर बहुधा दंत्य ज, म्हणजे ‘जांभूळ’मधला: जांबावली. तोच ‘झेड’ शब्दाच्या शेवटी आला तर पोर्तुगीजमध्ये श होतो, आणि म्हणूनच तालुक्याचे नाव बार्देश आहे, ‘बारदेझ’ नाही.

‘एस’चे एक कोडे मराठीच्याच व्याकरणाने सुटते. ‘एस’पुढे ‘आय’ असला की पुष्कळदा श निघतो: शिवोली, शिरोडा, शिरसई, शिरगाव. आपणही ससा-सशाला, मासा-माशाला असे म्हणतो. इ किंवा य जवळ आला की स चा श होण्याची ओढ दोन्ही भाषांत आहे. अपवाद सिकेरी.

याचमुळे म्हापसा हे नाव चालवताना काळजी घ्यावी लागते: म्हापशात, म्हापशाला, म्हापशाहून. ‘म्हापसामध्ये’ ऐकले की माणूस बाहेरचा हे लगेच कळते, मूळ नाव कितीही नीट म्हटलेले असो. सामान्यरूप हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. यादी प्रथमेत येते, पण निवेदनात नावे बहुतेक वेळा ‘-त’, ‘-हून’, ‘-च्या’ घेऊन येतात. फोंडा-फोंड्यात, शिरोडा-शिरोड्याचा, अस्नोडा-अस्नोड्याहून यात अडचण नाही. एकारान्त नावांत मात्र दोन प्रथा आहेत. बातम्यांच्या मथळ्यांत पेडणेत, केपेत, सांगेत दिसते. बोलताना पेडण्यात, केप्यात सहज येते. माझ्या मते बोलायच्या मजकुरात पेडण्यात, केप्यात घ्यावे, कारण ‘पेडणेत’ कानाला छापील वाटते. मये मात्र मयेतच. काहीही निवडा, पण पूर्ण निवेदनात एकच ठेवा. एका थांब्याला ‘केप्यात’ आणि पुढच्याला ‘केपेत’ असे झाले तर तेवढेच लक्षात राहते.

आता ज्यांना नियम लागू होत नाहीत ती नावे. डिचोलीच्या स्पेलिंगमध्ये ‘बी’ आहे, कोंकणीत तिला दिवचल म्हणतात. तीन रूपांचा मेळ घालत बसू नका, मराठीत डिचोली. उसकईच्या स्पेलिंगमध्ये क आणि स यांनी जागा बदलल्या आहेत. कुठ्ठाळीत ‘आर-टी’ म्हणजे ठ्ठ. पर्वरीचे ‘पोर्वोरिम’ सगळ्यांना ठाऊक आहे. तालुका सासष्टी, रोमनवरून ‘साल्सेट’ म्हणू नका.

काही नावे मुळातच पोर्तुगीज आहेत, त्यांना वरचे उलटे गणित लावायचे नाही. पणजीतला आल्तिनो: शेवटच्या ‘एन-एच’ मधला ह म्हणायचा नसतो. तो एकच ध्वनी आहे, ‘किंचित’ म्हणताना च च्या आधी जीभ जिथे असते तिथला ञ. जिभेचे टोक खाली, मधला भाग टाळूला. आल्तिनो असे रूढ झाले आहे, ते घ्या, ‘आल्टिन्हो’ नको. शेजारच्या जुन्या वस्तीचे नाव फोंताइन्यश असे म्हणा; शब्दाच्या शेवटचा ‘एस’ पोर्तुगीजमध्ये श होतो. रेइश मागुशमध्ये तेच, शिवाय शेवटच्या अक्षरातला आघात नसलेला ओ तिथे उ होतो. ‘एल-एच’ म्हणजे ‘कल्याण’मधल्या ल्य सारखा एकजीव ध्वनी, पण गोव्यात ‘वेल्हा’ असेच म्हणतात, तेव्हा तिथे शुद्धतेचा हट्ट नको. जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल: ते ‘एस-ई’ ही आद्याक्षरे नाहीत आणि समुद्रवाचक ‘सी’ही नाही. ‘से’ म्हणजे धर्मप्रांताचे पीठ. आग्वादमध्ये पाण्याचा ‘आग्वा’ आहे, ‘अगुआडा’ नको.

गोवा वेल्हा आणि वेल्हा गोवा यांत शब्द उलटे झाले की गावच बदलते. दोन्ही तिसवाडीतच आहेत, म्हणून गफलत हमखास होते. वेल्हा गोवा म्हणजे चर्चेस असलेले जुने गोवे. गोवा वेल्हा म्हणजे पणजीहून मडगावकडे जाताना लागणारे गाव, कोंकणीत थोरलें गोंय. मराठी मजकुरात पहिल्याला ‘जुने गोवे’ आणि दुसऱ्याला ‘गोवा वेल्हा’ म्हटले की गोंधळ उरत नाही.

नावे पक्की करताना कागद असा आखा: रोमन, मराठी देवनागरी, तालुका, ‘-त’ लावलेले रूप, आणि चुकण्याची जागा. तालुक्याचा रकाना गाळू नका. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. शिरोडा फोंड्यात आहे आणि सीमेपलीकडे वेंगुर्ल्यातही. केळशी तर देवनागरीत एकच दिसते, पण रोमनमध्ये दोन वेगळी स्पेलिंगे आहेत, एक सासष्टीतली, मोबोरच्या वाटेवरची, आणि दुसरी मुरगाव तालुक्यातली, जिथून शांतादुर्गा कवळ्याला नेली गेली.

मग ज्या नावांवर शंका उरली त्यांच्यासाठी माणसे गाठा. एक नियम पाळा: नाव तुम्ही आधी उच्चारू नका. ‘हे बेनॉलिमच ना?’ असे विचारले तर समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणतो आणि पाहुण्यांसाठीचा उच्चार परत करतो. त्याऐवजी ‘ही बस कुठे जाते?’, ‘तुम्ही कुठले?’, ‘पुढचा थांबा कुठला?’ असे विचारा. स्टँडवरचा कंडक्टर उत्तम, कारण तो दिवसातून वीस वेळा नाव ओरडतो. फक्त तो घाईत शेवटचा स्वर गिळतो, म्हणून जोडीला त्या गावातली एखादी वयस्क व्यक्ती हवी. मराठीत उत्तर मिळाले की कोंकणीतही एकदा म्हणवून घ्या. ळ-ल आणि ण-न यांची शंका तिथे मिटते. फोनवर ध्वनिमुद्रण घेताना प्रत्येक नाव तीनदा घ्या: सुटे, वाक्यात, आणि ‘-त’ लावून. सुटे नाव माणसे जरा सांभाळून म्हणतात, वाक्यातले खरे असते. नकाशाच्या ॲपमधल्या देवनागरीवर शिक्का मारू नका, ते पुष्कळदा रोमनवरूनच यंत्राने उतरवलेले असते आणि मग ‘पेरनेम’ देवनागरीत आले म्हणून खरे वाटू लागते.

आवाज माणसाचा नसून संगणकाचा असेल तर दोन जागी हमखास अडते. एक, मधला अ: ‘मडगाव’ यंत्र कधी ‘मडअगाव’ म्हणते. वाचायच्या प्रतीत ‘मड्‌गाव’, ‘हड्‌फडे’, ‘काण्‌कोण’ असे पाय मोडून लिहा. ही प्रत प्रवाशांना दाखवायच्या मजकुरापासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, नाहीतर पाय मोडलेली नावे फलकावर जातात. दुसरी जागा दंत्य च-ज ची. देवनागरीत त्यांना वेगळी खूण नाही आणि यंत्राला जांबावलीचा ज ‘जांभूळ’मधला की ‘जीवन’मधला हे कळत नाही. ‘झांबावली’ लिहून पाहा. ते जवळ जाते, पण झ चा श्वास जास्त येतो. तेवढी दोन-तीन नावे माणसाच्या आवाजात घेऊन जोडलेली बरी.